बारा फोटोंत मावलेले गाव

फोटो काढायचा म्हणजे कॅमेरा हवा, उजेड हवा आणि समोर काढण्याजोगे काहीतरी हवे. इंग्लंडातील विल्टशर परगण्यात लेकॉक नावाचे एक जुने खेडे आहे. तिथल्या एका घरात या तिन्ही गोष्टी १८३५ सालच्या ऑगस्ट महिन्यात अशा काही जुळून आल्या, की तुमच्याआमच्या घरच्या आल्बमांचे मूळ शोधत गेले तर ते त्या घराच्या एका खिडकीपाशी जाऊन पोहोचते. त्या खेड्याचे फोटो काढायला मी गेलो होतो. नदीचे पाणी कावडीत भरून नदीच्या उगमालाच वाहावे, तसाच हा प्रकार!

आमची कन्या ब्रिस्टलला असते. गेल्या सप्टेंबरात आम्ही उभयता तिच्याकडे होतो. जाताना मी वडिलांचा जुना ‘अग्फा क्लिक थ्री’ कॅमेरा बरोबर नेला होता. साठीच्या दशकात मध्यमवर्गीय घरांतून दिसायचा तोच हा कॅमेरा. ऊन आहे की ढग आहेत, एवढेच त्याला सांगायचे आणि खटका दाबायचा. त्याचा रोल अजून मिळतो, पण एका रोलमध्ये फोटो निघतात बाराच. जावईबापूंनी आपला मोबाइल पुढे करीत म्हटले, “बाबा, यात हवे तेवढे काढा.” सौ. म्हणाली, “त्यांना मोजून मापूनच काढू दे. नाहीतर बघायचं काय ते राहून जाईल.”

ब्रिस्टलहून आगगाडीने चिपनहॅम आणि तिथून बसने पाचेक किलोमीटर, असा रस्ता. बाथ शहर मागे पडले की गाडी बॉक्सच्या बोगद्यात शिरते. हा जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा बोगदा ब्रुनेल या इंजिनिअराने बांधला. तो १८४१ साली खुला झाला, आणि त्याच वर्षी लेकॉकच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट या गृहस्थाने फोटो काढण्याच्या आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. लांबचा प्रवास जवळ आणणे आणि सरलेला क्षण हाताशी ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच सुमारास व्हावीत, हाही एक योगच.

गाव कसले, मोजून चार रस्ते! ते एकमेकांना मिळून एक वेडावाकडा चौकोन तयार होतो आणि त्यातच गावाचा बहुतेक संसार आटोपतो. घरे दगडी, काही लाकडी चौकटीत भिंती भरलेली. छपरे दगडी कौलांची, पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्यासारखी मध्येच खचलेली. कुठे तार दिसत नाही, की घरावर टीव्हीचा एरियल दिसत नाही. विजेच्या तारा जमिनीखालून नेलेल्या आहेत. त्यामुळे सिनेमावाल्यांना हे गाव म्हणजे बांधून तयार असलेला सेटच! १९९५ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या मालिकेतील बाजाराचे गाव म्हणजे हेच लेकॉक.

पहिले चार फोटो मी हिशेबाने काढले. एक सेंट सिरिअ‍ॅकच्या चर्चच्या उंच मनोऱ्याचा. दुसरा चौदाव्या शतकातील कोठाराचा. कुळांकडून येणारे धान्य आणि लोकर पूर्वी त्यात साठवीत. आत मान वर केली की उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या फासळ्यांसारखी लाकडे दिसतात. तिसरा त्याच्या शेजारच्या दगडी कोठडीचा. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना तिथे रात्रभर डांबून ठेवीत. आत पाहिल्यावर कुणालाही लिंबूपाणीच प्यावेसे वाटेल! चौथा गावाच्या कडेच्या ओढ्याचा. रस्ता तिथे सरळ पाण्यात उतरतो आणि पलीकडे चढतो. पायी जाणाऱ्यांसाठी बाजूला एक चिंचोळा दगडी पूल आहे. पूर्वी ओझ्याची तट्टे त्यावरून जात.

‘जॉर्ज’ नावाच्या खाणावळीत चुलीवर एक लाकडी चक्र अजून आहे. त्यात लहानशा कुत्र्याला चालायला लावीत आणि त्याच्या चालण्याने विस्तवावरची मांसाची सळई फिरत राही. तिथे उजेड कमी, म्हणून फोटो काढला नाही. सौ. म्हणाली, “बरंच झालं. बिचाऱ्या कुत्र्याला वास तेवढा मिळत असेल.”

आता गावाची थोडी हकिकत सांगायला हवी. सॅलिसबरीच्या एला नावाच्या उमराव विधवेने १२३२ साली इथे ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ स्थापिला. लोकरीच्या व्यापारावर गाव सुखवस्तू झाले. पुढे आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडले, तेव्हा १५३९ साली हाही मोडला आणि विल्यम शॅरिंग्टन नावाच्या माणसाने तो विकत घेतला. हा गृहस्थ ब्रिस्टलच्या टांकसाळीचा अधिकारी होता आणि तिथल्या अफरातफरीबद्दल तुरुंगातही जाऊन आला. पण एक पुण्य त्याच्या पदरी टाकायला हवे. मठाचे चर्च त्याने पाडले, तरी चौकाभोवतीची कमानदार ओसरी तशीच ठेवून तिच्यावर आपले घर चढवले. पुढे ही मालमत्ता टॅलबट घराण्याकडे आली. लोकरीचा व्यवसाय कालांतराने बसला, गावाकडे पैसा उरला नाही आणि सगळी घरे एकाच मालकाची, त्यामुळे पाडून नवे बांधण्याचे कुणाच्या मनात आले नाही. श्रीमंतीने गावे उभी राहतात हे खरे, पण ती जशीच्या तशी टिकतात ती कधी कधी गरिबीमुळे! १९४४ साली फॉक्स टॅलबटची नात मटिल्डा टॅलबट हिने मठ आणि गाव दोन्ही ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेला दान दिले. बहुतेक रहिवासी आजही त्या संस्थेचे भाडेकरू आहेत.

मठाच्या घरात वर एक लांबलचक दालन आहे आणि त्याच्या मध्यभागी भिंतीबाहेर काढलेली एक खिडकी. हीच ती खिडकी. त्याची गोष्ट अशी. १८३३ साली हे टॅलबटसाहेब नवपरिणीत पत्नीसह इटलीतील कोमो सरोवरावर गेले होते. बरोबरची मंडळी सुरेख चित्रे काढीत. साहेबांचे चित्र मात्र, काच लावून आकृती गिरवण्याचे उपकरण हाताशी असूनही, काही केल्या जमेना. तेव्हा त्यांच्या मनात आले, की उजेडानेच आपले चित्र कागदावर आपण होऊन काढले तर? घरी येऊन ते प्रयोगाला लागले. कागद मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात द्यायचा. असा कागद उजेडात काळा पडतो. चित्र निघाल्यावर तो काळा पडण्याचा थांबवायचा कसा, हीच खरी मेख होती. त्यावरही त्यांना उपाय सापडला तो मिठाचाच, मात्र तेज द्रावणाचा! आपल्या स्वयंपाकघरातला हा जिन्नस एवढ्या मोठ्या शोधाच्या दोन्ही टोकांना असावा, याची सौभाग्यवतींना फार मौज वाटली.

साहेबांनी लहान लहान लाकडी पेट्यांचे कॅमेरे करून घेतले आणि घरभर ठेवून दिले. पत्नी कॉन्स्टन्स त्यांना उंदीर धरायचे सापळे म्हणे. अशाच एका सापळ्यात १८३५ साली ही खिडकी सापडली. ती निगेटिव्ह पोस्टाच्या तिकिटाएवढी आहे. भिंगातून पाहिले तर खिडकीची दोनेकशे तावदाने मोजता येतात, असे साहेबांनी शेजारी लिहून ठेवले आहे. आज जी टिकून आहे अशी जगातली सर्वांत जुनी कॅमेऱ्याची निगेटिव्ह ती हीच. पॅरिसच्या दागेरने १८३९ साली जाहीर केलेल्या पद्धतीत एका वेळी एकच चित्र निघे. टॅलबटच्या पद्धतीत एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या, आणि तीच रीत पुढे दीडशे वर्षे जगभर चालली. आपल्या मुंबईतही १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातलेच एक हौशी फोटोग्राफर.

खिडकीवर मी पाचवा फोटो खर्च केला. मग मठाच्या फाटकाजवळच्या संग्रहालयात गेलो. टॅलबटने १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे फोटो चिकटवलेले पुस्तक खंडाखंडाने काढले. त्यात चोवीस चित्रे होती. इतक्या मोठ्या संशोधकाने कशाकशाचे फोटो घ्यावेत? एक गवताची गंजी आणि तिला टेकलेली शिडी. एक अर्धवट उघडे दार आणि चौकटीला टेकवून ठेवलेला खराटा. जणू झाडणारे माणूस आत्ताच आत गेले आहे आणि हाक मारली तर ‘आले’ म्हणून बाहेर येईल!

त्या खराट्यापुढे मी बराच वेळ उभा राहिलो, त्याला कारण होते. वाईला आमचा वाडा होता. तो १९८८ साली विकला आणि तिथे आता चार मजली इमारत आहे. आमची थोरली बहीण, अक्का, पंच्याऐंशीची आहे. तिला तो वाडा एकदा डोळे भरून पाहायचा होता. म्हणून मी घरातले सारे आल्बम पालथे घातले. मुंजी, डोहाळजेवणे, मंगळागौरी, सारे काही सापडले, पण वाड्याचा असा एकही फोटो नाही. रोल महाग, त्यात भिंतींचे फोटो कोण घेणार? मामांच्या खांद्यामागे तुळशीवृंदावनाची कड दिसते. काकूंच्या पदराआड दिंडीदरवाजाची कडी दिसते. तेवढाच आमचा वाडा शिल्लक!

आणि इथे लेकॉकमध्ये नेमके उलटे चालले होते. देशोदेशीचे प्रवासी रस्त्यावर कॅमेरे रोखून उभे, आणि सारे जण वाट कशाची पाहताहेत, तर समोरचे माणूस बाजूला होण्याची! शाळेतून परतणारी पोरे, गाडीतून सामान काढणारा बाप्या, कुणीच चौकटीत नको. आमच्या आल्बमात माणसे आहेत, घर नाही. यांच्या फोटोंत घरे आहेत, माणूस नाही. दोन्हींत निम्मे गाव हरवलेले.

संग्रहालयातून मी परत रस्त्यावर आलो. एका दारात सत्तरीच्या एक बाई खिडकीच्या कट्ट्यावर आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याच्या बरण्या मांडीत होत्या. शेजारी पैसे टाकायला पत्र्याचा डबा. दुकानदार नाही, हिशेब गिऱ्हाईकाच्या इमानावर! पलीकडे दोन प्रवासी कॅमेरे घेऊन थांबलेले पाहताच बाई सवयीने आत वळल्या. मी पुढे होऊन म्हटले, “आपण थांबलात तर बरं होईल. मला दार हवं आहे, पण आपल्यासकट.”

त्या हसल्या. “चाळीस वर्षं या घरात राहते आहे. आत जा म्हणणारे पुष्कळ भेटतात. थांबा म्हणणारे तुम्हीच.”

मग गप्पा झाल्या. भिंतीला रंग द्यायचा तरी ट्रस्टला विचारावे लागते. पावसाळी सकाळी गाव एकदम आपले वाटते, कारण पाहुणे येत नाहीत. “गाव जपलं ते चांगलंच झालं,” त्या म्हणाल्या, “पण आम्ही इथं राहतो म्हणून ते गाव आहे. आम्ही गेलो तर नुसतं संग्रहालय.” सौ.ने दोन बरण्या घेतल्या आणि डब्यात पैसे टाकले. तो सहावा फोटो.

उरलेले सहा फार सुखाने गेले. बेकरीबाहेर पाव काखेत मारून कुत्र्याला समजावणारा म्हातारा, ओसरीखाली ठेवलेले चिखलाचे बूट, चर्चच्या भिंतीला टेकवलेली पोराची सायकल, ओढ्यात पाय बुडवून बसलेली आई आणि लेक. गावाबाहेर एव्हन नदीकाठची हिरवी कुरणे आणि त्यांत चरणाऱ्या मेंढ्या. इथली जुनी श्रीमंती याच मेंढ्यांच्या पाठीवरून आलेली. शेवटचा फोटो सौ.चा, मठ पाठीशी घेऊन. “मला मधे कशाला उभी करता?” असे ती म्हणाली खरी, पण केस सारखे करून उभी राहिली.

फोटो धुऊन आले. चर्चचा मनोरा ठीक, कोठार ठीक, पण असले फोटो दुकानातल्या कार्डांवर यापेक्षा सरस मिळतात. पुण्याला आल्यावर मी बाराही फोटो अक्कापुढे ठेवले. तिने चष्मा लावला, मनोरा बाजूला सारला, कोठडी बाजूला सारली आणि मुरंबेवाल्या बाईंपाशी थांबली. “ही कोण रे? एकटीच असते का? दार किती जुनं आहे बघ, खालची फळी झिजलीय. येणंजाणं पुष्कळ असणार.” एवढ्या एका फोटोवरून तिने तासभर प्रश्न विचारले, आणि बोलता बोलता आमच्या वाड्याच्या उंबरठ्यावर कधी येऊन पोहोचली ते तिलाही कळले नाही.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरी फोटो निघतील. पाडव्याचे ओवाळणे, भाऊबीज, नवी साडी, सगळे यायलाच हवे. मात्र खटका दाबण्यापूर्वी चार पावले मागे सरा. दाराची चौकट येऊ द्या, कोनाड्यातली पणती येऊ द्या, कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा आला तर तोही येऊ द्या. माणसे ओळखायला नातवंडांना कुणीतरी मदत करील. घर मात्र त्यांना त्या फोटोतच शोधावे लागेल.