खेळातल्या पोलिसाने गोळी कधी झाडावी?
‘जीटीए ५’ (२०१३) मुळात दरोडे आणि गोळीबाराचा गेम. त्याच्या ‘फाइव्हएम’ या मॉडवरच्या रोलप्ले सर्व्हरवर मात्र खेळाडू त्याच शहरात चोर, डॉक्टर, पोलीस होऊन तासन्‌तास वावरतात. वाद पेटतात पोलिसांवरून. अनेक सर्व्हरवर अमेरिकी धर्तीची उतरंड असते: आधी तोंडी हुकूम, मग टेझर, जिवावर बेतलं तरच पिस्तूल. पण इथे मेलेला चोर थोड्याच वेळात इस्पितळात उठून बसतो. त्याला कसली आलीय भीती? म्हणून ‘जिवाला जपून खेळा’ हा नियम चोरांनाही लावतात. तरी तक्रारी येतातच, आणि ॲडमिन क्लिप मागवून निवाडा देतो. गंमत म्हणजे, ग्रॅहम विरुद्ध कॉनर (१९८९) खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने असं मागाहूनचं शहाणपण नाकारून, त्या क्षणी समंजस अधिकाऱ्याला काय दिसलं असतं तेच पाहायला सांगितलं होतं.