दोन पेशंटच्या मधला एअरोटर

दाताच्या दवाखान्यातला तो कर्कश, चढा आवाज एअरोटरचा. पेनासारखा दांडा (हँडपीस), आणि त्याच्या टोकाच्या इवल्याशा डोक्यात बसवलेलं टर्बाइन. कॉम्प्रेसरची हवा पात्यांवर आदळली की ते मिनिटाला ३ ते ४ लाख फेरे घेतं. अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी पायाने चालवायच्या ड्रिलचं पेटंट घेतलं ते १८७१ मध्ये. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये जॉन वॉल्श यांनी हवेवर फिरणाऱ्या हँडपीसचा ध्यास घेतला तो १९४० च्या दशकाच्या अखेरीस. आणि १९५७ मध्ये जॉन बोर्डन यांचा ‘एअरोटर’ आला. त्या एका उत्पादनाचं नाव आपल्या डॉक्टरांनी सगळ्याच हवेच्या हँडपीसना देऊन टाकलं.

या डोक्यातलं टर्बाइन दोन बॉल बेअरिंगांवर फिरतं. त्यातल्या गोळ्या जेमतेम १ मिलिमीटरच्या, पोलादी किंवा सिरॅमिकच्या. बेअरिंगं, टर्बाइन आणि बर (दात कोरणारं टोक) धरून ठेवणारा चक मिळून जो सुटा भाग होतो, तो कार्ट्रिज. ‘हँडपीस गेलं’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा बहुतेकदा कार्ट्रिज गेलेलं असतं. आणि ते दात कोरताना झिजतं त्याहून जास्त दोन पेशंटच्या मधल्या वेळात बिघडतं, असं माझं ठाम मत आहे.

कारण असं की हवा बंद केल्यावरही टर्बाइन क्षणभर फिरत राहतं आणि थांबता थांबता तोंडातली लाळ, रक्त, दाताचा भुगा आत ओढून घेतं. म्हणून पेशंट उठल्यावर २० ते ३० सेकंद हवा आणि पाणी सोडून हँडपीस चालवायचं. नुसतं बाहेरून पुसलं तर आतला मळ तसाच राहतो आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १३४ अंश सेल्सिअसला भाजून घट्ट बसतो. हँडपीस ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवण्याची किंवा अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये टाकण्याची सवय काही ठिकाणी अजून दिसते. उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर ती तातडीने सोडावी. त्याने बेअरिंगचा घात होतो आणि निर्जंतुकीकरणही पुरं होत नाही.

मग तेल. बहुतेक हँडपीसना ऑटोक्लेव्हच्या आधी तेल द्यायचं असतं. काही बनावटींची रीत वेगळी असते, म्हणून सोबतचं माहितीपत्रक वाचायचंच. मागच्या टोकाला अनेक भोकं असतात, त्यातलं हवेचं भोक ओळखून स्प्रेचा नोझल तिथेच लावायचा. पाण्याच्या किंवा परतीच्या हवेच्या भोकात मारलेलं तेल बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. एक-दोन सेकंद पुरतात. डोकं खाली धरायचं, पांढरा कागद समोर ठेवायचा. बाहेर येणारं तेल काळपट असेल तर पुन्हा मारायचं, स्वच्छ येईपर्यंत. नंतर जास्तीचं तेल उडून जाईल एवढा वेळ बर लावून हँडपीस चालवायचं. ही शेवटची पायरी घाईत सुटते. आत राहिलेलं तेल उष्णतेने चिकट होतं आणि टर्बाइन जड फिरू लागतं. चकलाही आठवड्यातून एकदा तेल हवं. निर्जंतुकीकरणाच्या पाऊचमध्ये घालताना बर काढून घ्यायचा, नाहीतर चकची स्प्रिंग ताणलेली राहून सैल पडते.

हवेकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कोकणातल्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी भराभर साठतं. टाकीचा कॉक उघडून ते रोज काढलं नाही, तर तेच पाणी गंज घेऊन बेअरिंगवर येतं. दाबही ठरवून दिलेलाच हवा. काम उरकत नाही म्हणून दाब वाढवणारे डॉक्टर कार्ट्रिज लवकर संपवतात. बहुतेकदा खरी गरज नवा बर लावण्याची असते. बोथट किंवा वाकडा बर थरथरतो आणि ती थरथर थेट बेअरिंगला बसते.

बिघाड आधी कानाला कळतो. आवाजाची पट्टी उतरते, त्यात खरखर येते. हँडपीस बंद असताना बर बोटांनी हळू फिरवून पाहावा. कचकच लागली किंवा बर बाजूला हलला, तर कार्ट्रिज बदलायची वेळ झाली.

हे सगळं प्रत्यक्षात करते दवाखान्यातली मदतनीस. तिला कोणती बाटली कुठे लावायची एवढंच दाखवलेलं असतं, का ते कुणी सांगितलेलं नसतं. वर दवाखान्यात दोनच हँडपीस असतील तर बाहेर पेशंट ताटकळत असताना तिच्यापुढे इलाज उरत नाही: ऑटोक्लेव्हमधून काढलेलं गरम हँडपीस ती गार पाण्याखाली धरते, आणि अशा झटक्याने सुटे भाग खराब होतात. दिवसभराच्या पेशंटांना पुरतील एवढी हँडपीस ठेवणं ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. पुढच्या वेळी कार्ट्रिज बदलाल तेव्हा जुनं फेकण्याआधी मदतनिसाला ते उघडून दाखवा. तांबूस गंज असेल तर पाणी कुठून आलं ते दोघांनी मिळून शोधा, काळपट चिकटा असेल तर तेल आणि सफाईत काय राहून जातंय ते पाहा.