एका वाराला एकच वार

यारी रोडवर इफ्तारची गर्दी ओसरते आणि वर्सोव्याची रात्र इबादतीची होते. रमजानचे अठरा रोजे झाले की शिया घरांत दुःखाची छाया पसरते. काळे कपडे घातले जातात, मजलिसी होतात. एकविसावी रात्र सुन्नी बांधवही शब-ए-कद्रच्या आशेने जागवतात. हे दुःख आहे हजरत अली यांच्या शहादतीचे.

गोष्ट हिजरी सन ४० ची, म्हणजे इ.स. ६६१ च्या जानेवारीची. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांची ६५६ मध्ये मदिनेत हत्या झाली आणि मुसलमानांतच यादवी पेटली. प्रेषितांचे जावई हजरत अली चौथे खलिफा झाले. जमल आणि सिफ्फीनच्या लढायांत भावाने भावावर तलवार उगारली. सिफ्फीननंतर अली यांनी लवाद मान्य केला. त्यावर चिडून त्यांच्याच सैन्यातला एक गट फुटला. हेच खारिजी. ६५८ मध्ये नहरवान येथे अली यांनी त्यांचा पराभव केला.

उरलेल्यांपैकी तिघे मक्केत भेटले. या तंट्याला तीन माणसे जबाबदार आहेत, ती गेली की शांतता येईल, असा त्यांचा हिशेब होता. एकाच पहाटे तीन शहरांत वार करायचा ठरला: कूफ्यात अली, दमास्कसला अमीर मुआविया आणि इजिप्तमध्ये अम्र बिन आस. मुआविया जखमी होऊन वाचले. अम्र आजारी असल्याने त्या दिवशी नमाजाला आलेच नाहीत. त्यांच्या जागी उभा राहिलेला माणूस मारला गेला. कूफ्याच्या मशिदीत मात्र इब्ने मुल्जिमची विषारी तलवार अलींच्या मस्तकावर बसली. बहुतेकांच्या मते तो एकोणिसावा रोजा होता.

पुढचे दोन दिवस या कथेचा गाभा आहेत. मारेकरी पकडला गेला. अलींनी मुलांना बजावले, की याला नीट खाऊपिऊ घाला. मी वाचलो तर त्याचे काय करायचे ते मी बघेन. गेलो तर एका वाराला एकच वार. हालहाल करू नका, आणि माझ्या नावाने इतरांचे रक्त सांडू नका. जखमी अलींनी आपल्यासाठी आलेल्या दुधातले उरलेले दूध कैद्याला पाठवले, असेही सांगतात. एकविसाव्या रमजानला त्यांनी प्राण सोडला.

कटाने शांतता आली का? नाही. सत्ता मुआवियांच्या घराण्याकडे गेली आणि १९ वर्षांनी करबला घडले.

महाराष्ट्राला हे परके वाटू नये. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटलेले गांधीजी वर्सोव्याशेजारच्या जुहूला विश्रांतीसाठी राहिले होते. फाळणीच्या रक्तपातानंतर, ३० जानेवारी १९४८ रोजी, प्रार्थनेला जाताना त्यांची हत्या झाली. त्या कटातले प्रमुख आरोपी मराठीच होते. एक माणूस गेला की प्रश्न सुटेल, हाच हिशेब तिथेही होता. मारेकऱ्यांना फाशी देऊ नये, अशी विनंती गांधीजींच्या मणिलाल आणि रामदास या मुलांनी केली होती. ती मान्य झाली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी फाशी झाली.

रोजा म्हणजे नुसती भूक नव्हे, रागालाही आवर घालणे. ते किती कठीण असते, हे कैद्याकडे गेलेला तो दुधाचा प्याला सांगतो.