कांद्याच्या सालींचा रंग



आमच्या चौघींपैकी एकीने लग्नातलं पांढरं रेशमी पातळ पेटीतून काढलं. घड्यांवर पिवळे डाग पडलेले. टाकवेना. नातीला बात मिझवासाठी त्याचीच ओढणी हवी होती. म्हटलं, घरीच रंगवू.

आधी पदराच्या एका तुकड्यावर हळद करून पाहिली. काय सुरेख पिवळा आला! पण दोरीवर उन्हात ठेवला तो थोड्याच दिवसांत फिका पडला. हळद लवकर चढते, पण तिला ऊन सोसत नाही. मग कांद्याच्या साली घेतल्या. साली तांबूस-पिवळ्या कांद्याच्याच हव्यात. आपल्या अलिबागचा पांढरा कांदा खायला गोड, रंगाला मात्र निरुपयोगी.

सोबत नातवाच्या टोपीसाठी पांढरी लोकरही घेतली. पहिली लडी आम्ही खळखळ उकळली, ढवळली आणि तशीच गार नळाखाली धरली. आटून तिचा दोरखंड झाला! लोकर म्हणजे मेंढीचे केस. त्यांच्यावर बारीक खवले असतात. उष्णता आणि घुसळण यांनी ते एकमेकांत अडकतात, मग सुटत नाहीत.

दुसऱ्यांदा नीट केलं. १०० ग्रॅम कोरडी लोकर असेल तर १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवायची. भिजवलेली लोकर त्यात घालून पाणी हळूहळू ८० अंशांपर्यंत न्यायचं, तासभर ठेवायचं आणि भांड्यातच निवू द्यायचं. तुरटीमुळे रंग धाग्याला धरून राहतो. लोकरीच्या वजनाइतक्या साली वेगळ्या उकळून गाळायच्या आणि त्या पाण्यात पुन्हा तसाच तासभर. रेशमाला ६०-७० अंश पुरे, जास्त तापलं की चमक जाते. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडाने रंग काळवंडतो. आणि नर्सबाईंचं ऐका: त्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. चुलीजवळचं काम मोठ्यांनीच करायचं.

मुलांनो, तोरामध्ये मिश्कानच्या पडद्यांसाठी तोलाअत शानी हा लाल रंग सांगितला आहे, ठाऊक आहे ना? तो झाडावरच्या बारीक किड्यांपासून काढत. यहूदियाच्या वाळवंटातल्या एका गुहेत अशा रंगाच्या लोकरीचा तुकडा मिळाला. वय सुमारे ३,८०० वर्षं, आकार दीड सेंटिमीटरहून कमी. किड्याचाच रंग असल्याचं २०२४ साली जाहीर झालं. एवढी वर्षं तो लाल राहिला, आणि आमची हळद आठवडाभरही नाही!

ओढणी सोनेरी-तपकिरी झाली. डाग काही झाकले गेले नाहीत, तिथे रंग उलट गडद बसला. आम्ही कात्री काढली, पण नात म्हणाली, "सफ्ता, राहू दे ना." राहिले.

साली आत्तापासून कागदी पिशवीत साठवा. फक्त शब्बाथला रंगवायला बसू नका, रंगवणं हे त्या दिवशीच्या ३९ वर्ज्य कामांपैकी एक आहे. धुणं गार पाण्यात, वाळवणं सावलीत.