पाया भरताना पाण्याचा हिशेब

पिंपरी-चिंचवडच्या नळांना येणारे पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते. याच रावेतमध्ये गुंठ्याभरात स्वतःचे घर बांधायला काढले, तर पायाचे काम जमते किंवा फसते तेही पाण्यावरच.

पुणे परिसरात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट असे थर बहुतेक ठिकाणी सापडतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते; म्हणून खड्डा ती ओलांडून घट्ट मुरुमापर्यंत न्यायचा. माती फार खोल गेली, तर रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला उपाय आहे: तळाशी फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब. माती फुगून वर ढकलू लागली, तरी हा फुगवटा खांबाला उचलू देत नाही.

खड्ड्याच्या तळाला आधी पीसीसी, म्हणजे सळई नसलेले साधे काँक्रीट, त्यावर लोखंडी जाळी, मग फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया. फुटिंगची करामत आकड्यांतच दिसते. समजा, एका कॉलमवर ३० टन भार येतो. ९ बाय १८ इंची कॉलमच्या बुडाशी दर चौरस फुटाला सुमारे २७ टन होतात; ५ बाय ५ फुटांच्या फुटिंगखाली तोच दाब १.२ टनांवर येतो. जमीन खालून उलटा दाब देते, त्यामुळे फुटिंगचा ताण तळाला पडतो आणि जाळीही तळालाच लागते. मात्र ती जमिनीला टेकता कामा नये. भारतीय मानक ४५६ प्रमाणे फुटिंगमधल्या सळईवर किमान ५० मिलिमीटर काँक्रीट हवे. त्यासाठी जाळीखाली तिला उचलून धरणारे कव्हर ब्लॉकच लावावेत. विटेचा तुकडा सरकवणारा मिस्त्री कितीही जुना असो, त्याला थांबवा. वीट ओल शोषते आणि सळई गंजते.

आता पाणी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक संयोग होऊन त्याचा दगड बनतो. त्या संयोगाला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरते, म्हणजे ५० किलोच्या गोणीला जेमतेम १२ लिटर. मिश्रण हलावे, जाळीत शिरावे म्हणून आपण २५ लिटरच्या आसपास घालतो. त्यावर ‘जरा सैल करू’ म्हणत ओतलेली बादली उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या उरतात. पाणी वाढले की ताकद घटते, हा नियम डफ अब्राम्स या अमेरिकन अभियंत्याने १९१८ मध्ये मांडला. वाळू किंवा क्रश सँड आधीच ओली असेल, तर तेवढे पाणी वजा करायचे. सैलपणा कमी वाटला तर व्हायब्रेटर आहे.

काँक्रीट घट्ट झाले की हिशेब उलटतो: तिथे कंजुषी नको. गोणपाट टाकून ते सतत ओले ठेवावे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस. राख मिसळलेल्या पीपीसीला, आणि बाजारातल्या बऱ्याच गोण्या पीपीसीच्याच असतात, किमान १० दिवस. गोणीवर काय छापले आहे ते वाचा आणि खड्डा बुजवायची घाई करू नका.