बारावीनंतर प्राण्यांकडे जाणाऱ्या वाटा

'नीट'चा निकाल लागला, एमबीबीएस हुकलं, की घरात दुसरा पर्याय निघतो: 'मग बीएस्सी झूलॉजी घेऊन टाक!' हे 'घेऊन टाक' जरा घाईचंच असतं.

प्राणिशास्त्राची पदवी माशांपासून माणसापर्यंतच्या शरीररचनेची, जनुकांची आणि उत्क्रांतीची ओळख करून देते. एकेकाळी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक ही या विषयाची खूण होती. युजीसीने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतलं विच्छेदन बंद केलं आणि प्रारूपं, संगणकावरची चित्रं यांवर भर आला. ही पदवी घेऊन जनावरांवर उपचार मात्र करता येत नाहीत.

त्यासाठी पशुवैद्यकीय पदवी लागते. ती इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची आणि तिच्यासाठीही 'नीट' द्यावी लागतेच. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं. नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथेही सोय आहे. कुत्र्यामांजरांच्या ओढीने आलेल्यांनी एक चित्र आधीच डोळ्यांपुढे आणावं: खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाय गाभण आहे का, हे गुदमार्गातून हात घालून चाचपणं. गोठ्यातलं हे काम ज्याला नकोसं वाटतं, त्याने पुन्हा विचार केलेला बरा.

संशोधनच करायचं असेल, तर 2006 मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या 'आयसर' या विज्ञान संशोधन संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम पाहावा. तिथे जीवशास्त्रासोबत गणितही सुटत नाही, आणि बरेच विद्यार्थी गणित टाळायलाच जीवशास्त्राकडे वळलेले असतात.