कोल्हापूरची विद्यार्थी वसतिगृहे

कोल्हापूरची विद्यार्थी वसतिगृहे ही विसाव्या शतकाच्या आरंभी छत्रपती शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) प्रोत्साहनाने व साहाय्याने कोल्हापूर संस्थानात स्थापन झालेली, मुख्यतः जात व धर्म यांनुसार चालणारी निवासस्थाने होत. स्थानिक भाषेत त्यांना 'बोर्डिंग' असे म्हणतात.

पार्श्वभूमी

माध्यमिक व उच्च शिक्षणाची सोय प्रामुख्याने शहरात असल्याने खेड्यातील मुलांपुढे राहण्याजेवणाची अडचण होती. सोवळेओवळे व सहभोजनावरील निर्बंध यांमुळे परजातीच्या घरी किंवा खाणावळीत त्यांची सोय लागणे कठीण होते. १८९६ मध्ये राजाराम महाविद्यालयासाठी सर्व जातींकरिता वसतिगृह सुरू झाले; परंतु त्याचा लाभ मुख्यत्वे ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच मिळाला. त्यामुळे प्रत्येक समाजाने आपल्या मुलांची जबाबदारी घ्यावी व संस्थानाने साहाय्य करावे, असे धोरण पुढे आले.

स्थापना

१९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग स्थापन झाले. त्यानंतर मुस्लिम बोर्डिंग (१९०६), वीरशैव लिंगायत वसतिगृह (१९०७) व अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह (१९०८) सुरू झाले. १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंगची भर पडली.

सामाजिक परिणाम

या व्यवस्थेत विद्यार्थ्याला आपल्या समाजाचे आचार व आहार न सोडता शिकता येई. घराण्यात प्रथमच शाळेत जाणाऱ्या मुलासाठी हा मोठा आधार होता. मात्र ज्या जातिनियमांमुळे ही वसतिगृहे आवश्यक ठरली, तेच नियम त्यांच्या पंगतीत टिकून राहण्याचा धोका होता. जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकणारे भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास नकार दिल्याने त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

१९१९ मध्ये शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत प्रवेश देण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये त्यांनी सातारा येथे सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत व एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. कोल्हापुरातील जुन्या वसतिगृहांपैकी काही आजही कार्यरत आहेत.